जेल नखपट्ट्या घरी लावताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

जेलच्या चिकटपट्ट्या आता तालुक्याच्या बाजारात मिळतात आणि मोबाईलवरून मागवल्या तर गावातल्या घरापर्यंतही येतात. परंतु त्या लावलेल्या बऱ्याच हातांवर तिसऱ्या दिवशी एक-दोन नखे उघडी पडलेली दिसतात. माझ्या लहानशा पार्लरमध्ये लग्नसराईत एकच तक्रार वारंवार ऐकू येते, "ताई, दोनदा भांडी घासली अन् तीन पट्ट्या निंगाल्या ना वं!" दोष अर्थातच पट्टीच्या चिकटाला दिला जातो. प्रत्यक्षात पट्टी मधून सुटत नाही, ती कडेने सुटते, आणि ती कड कच्ची राहण्याचे कारण बहुधा पाकीट उघडण्याआधीच घडून गेलेले असते. म्हणून येथे चिकटवण्यापेक्षा तयारीला अधिक जागा दिली आहे, आणि वाचणाऱ्यांनीही तयारीचे भाग घाईने ओलांडू नयेत.

१. हातात आलेली पट्टी कोणती, हे आधी ओळखावे

दुकानदार सगळ्यांनाच "नेल स्टिकर" म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या वस्तू असतात. पहिली म्हणजे प्लास्टिकचे साधे स्टिकर. त्याला लॅम्प लागत नाही आणि लॅम्पखाली धरूनही त्यात काही बदल होत नाही. दुसरी नेलपेंटच्याच थराची पट्टी. ती हवेने वाळते, म्हणून तिचे पाकीट उघडल्यावर लवकर वापरावी लागते. तिसरी अर्धवट पिकवलेल्या जेलची पट्टी. ती बोटाला मऊ आणि किंचित रबरासारखी लागते, आणि यूव्ही किंवा एलईडी लॅम्पखाली धरल्यावरच कडक होते. हा लेख या तिसऱ्या प्रकाराविषयी आहे.

पाकिटावर लॅम्पचे चित्र किंवा सेकंदांचा आकडा दिला आहे का, हे पाहावे. खोक्यात लॅम्प नसला, तरी पट्टीला लॅम्प लागत नाही असा त्याचा अर्थ होत नाही. लॅम्पसह आणि लॅम्पविना असे दोन्ही संच विकले जातात आणि स्वस्त म्हणून दुसरा घेणाऱ्यांची येथेच फसगत होते. लॅम्पविना लावलेली जेलपट्टी दिवसभर मऊ राहते, तिच्यावर चादरीच्या विणीचे ठसे उमटतात आणि ती भाकरीच्या पिठात निघून येते.

सावधान: न पिकलेल्या जेलमध्ये अ‍ॅक्रिलेट वर्गातील रसायने मोकळी असतात आणि ती कातडीला वारंवार लागली तर कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते. ज्यांनी ही पट्टी कधीच वापरलेली नाही, त्यांनी आधी एकाच नखाला लावून दोन दिवस वाट पाहावी. खाज, लाली किंवा बारीक पुरळ दिसले तर पट्टी काढावी आणि उरलेले पाकीट स्वस्तात पडले म्हणून मैत्रिणीला देऊ नये. घटकांच्या यादीत टीपीओ (लॅम्पखाली जेल कडक व्हावे म्हणून घालतात ते रसायन) हे नाव असेल, तर ते पाकीट मी घेत नाही. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून प्रसाधनांमध्ये या रसायनाच्या वापरावर बंदी घातली आहे.

२. कोणी हे काम पुढे ढकलावे

नखुरडे झालेले असेल, नखाभोवती चीर असेल, नख पिवळे-जाड होऊन भुसभुशीत झाले असेल किंवा मुळापासून सुटू लागले असेल, तर पट्टी लावू नये. झाकल्याने दुखणे बरे होत नाही, फक्त दिसेनासे होते. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिनसारखे औषध दिले असेल, तर ते घेत असेपर्यंत लॅम्प वापरू नये, कारण त्या औषधाने त्वचा आणि नखाखालचा भाग प्रकाशाला नाजूक होतो. बाळंतपणाची तारीख जवळ आलेली असेल किंवा ऑपरेशन ठरलेले असेल, तर नखे मोकळीच असू द्यावीत. बोटाला चिमटा लावून रक्तातील ऑक्सिजन मोजतात, त्यात गडद रंग अडथळा आणू शकतो, आणि ऐन वेळी दवाखान्यात पट्ट्या ओरबाडण्याची पाळी येते.

३. वेळ आणि जागा

आपल्याकडे अर्धी लग्ने उन्हाळ्यात होतात आणि नवतप्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दुपारी पट्टी इतकी मऊ पडते की उचलतानाच ताणली जाते. म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे किंवा रात्री करावे आणि पाकीट आदल्या दिवसापासून घरातील सर्वांत थंड, कोरड्या कोपऱ्यात ठेवावे. माठाला टेकवून मात्र नको, ओल धरते. कूलरच्या थेट झोतात बसणेही टाळावे, कारण त्या हवेत ओलावा असतो आणि गवताच्या जाळीतून आलेला बारीक कचरा नेमका चिकटाला बसतो. थंडीत उलट अडचण येते. डिसेंबरच्या सकाळी पट्टी ताठ होते आणि वळणावर बसत नाही. तेव्हा ती दोन तळव्यांमध्ये मिनिटभर धरून मग उघडावी.

खिडकीतून ऊन येत असेल तेथे बसू नये. उन्हातही यूव्ही किरण असतात, त्यामुळे उघडी पट्टी नखावर जाण्याआधीच कडक होऊ लागते.

लग्नघरात क्रम चुकतो तो असा: मुली हौसेने आधी पट्ट्या लावतात आणि मग मेंदी, हळद. मेंदीत निलगिरीचे किंवा लवंगेचे तेल असते, मेंदी उतरवताना पुन्हा गोडेतेल चोळले जाते, आणि हळद तर फिकट रंगाच्या पट्टीला पिवळी करून सोडते. म्हणून आधी मेंदी, मग हळद, त्यानंतर साबणाने हात धुऊन किमान दोन तास कोरडे ठेवणे, आणि शेवटी पट्ट्या. मेंदीने नख रंगलेले असले तरी बिघडत नाही, गडद पट्टीखाली ते झाकले जाते.

तपासणी: पुढचा पाऊण तास कोणी हाक मारणार नाही, दूध उतू जाणार नाही, आणि लॅम्प एकदा लावून पाहिला आहे, याची खात्री झाल्यावरच पुढे जावे.

४. नखांची तयारी

या टप्प्यातील पहिली चूक पार्लरच्या सवयीतून येते. मॅनिक्युअर म्हटले की कोमट पाण्यात हात बुडवायचे, असे आपल्या डोक्यात बसले आहे. पट्टीसाठी हे नेमके उलटे काम करते. नख पाणी शोषते, थोडे फुगते आणि पसरते. त्यावर पट्टी बसवली की नंतर नख वाळून मूळ आकाराला येते आणि कडेची पकड सैल होते. म्हणून पाण्याची सगळी कामे आदल्या संध्याकाळी आटोपावीत आणि पट्टी पूर्ण कोरड्या नखावर लावावी.

आदल्या संध्याकाळी, आंघोळीनंतर किंवा हात धुतल्यावर कातडी मऊ असताना, नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी, म्हणजे क्युटिकल, लाकडी काडीच्या चपट्या टोकाने हलकेच मागे सारावी. ती कापू नये. तिच्यामुळे नखाच्या मुळाशी जंतूंना वाट मिळत नाही, आणि शेणामातीत हात घालणाऱ्यांना तर तिची गरज अधिक आहे. कातडी मागे सरल्यावर नखावर एक जवळजवळ पारदर्शक, चिकटून राहिलेला पापुद्रा दिसतो. तो तिरप्या उजेडात पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही, आणि मुळाकडून सुटलेल्या पट्ट्यांपैकी बहुतेक याच पापुद्र्यावर चिकटलेल्या असतात: पट्टी त्याला पकडून राहते, पण पापुद्राच नखाला सोडतो. काडीने लहान गोल फिरवत तो काढावा. दुखले तर थांबावे. आपण नखच खरवडत आहोत असे समजावे.

दुसऱ्या दिवशी जुना नेलपेंट काढावा. बाजारात "मॉइश्चरायझिंग" म्हणून विकले जाणारे रिमूव्हर नखावर तेलाचा थर सोडतात, तेव्हा ते वापरले असल्यास नंतर साबणाने हात धुऊन पुन्हा दोन तास थांबावे. मग नखे कापून, फाइल एकाच दिशेने फिरवून आकार द्यावा. शेतात आणि चुलीजवळ काम करणाऱ्यांनी नख बोटाच्या टोकापुढे दोन मिलिमीटरहून अधिक ठेवू नये. नखाच्या दोन्ही कोपऱ्यांत बोट फिरवून खरखर लागते का, ते पाहावे. तेथील एक बारीक काटा पट्टीला खालून फाडतो.

त्यानंतर बफरने, म्हणजे नखाच्या बारीक घासणीने, पृष्ठभागावर दोन-तीन हलके हात फिरवावेत, चकाकी जाण्यापुरतेच. जास्त घासले तर पकड वाढते, हा समज खोटा आहे. जास्त घासल्याने नख पातळ होते आणि वाकणाऱ्या नखावर पट्टी टिकत नाही. उरलेली भुकटी कोरड्या, स्वच्छ ब्रशने झाडावी. मी त्यासाठी न वापरलेला दाताचा ब्रश ठेवते.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची पायरी, तेलाचा अंश घालवणे. संचात स्पिरिटचे लहान पुसणे येते. ते वाळलेले निघाले तर मेडिकलमध्ये इंजेक्शनपूर्वी वापरायची ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलची पाकिटे मिळतात, ती चालतात. सॅनिटायझर चालत नाही. त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणित सूत्रातही ते १.४५ टक्के आहे. हाताला हितकारक असलेला तोच थर पट्टीला चिकटू देत नाही. प्रत्येक नख मुळापासून टोकाकडे, दोन्ही बाजूंच्या खोबणीत आणि टोकाच्या खालूनही पुसावे.

सावधान: पुसल्यानंतर केस सावरणे, चेहऱ्याला हात लावणे, संत्रे सोलणे हे सारे बंद. केसांना खोबरेल लावायची आपली सवय आहे, आणि संत्र्याच्या सालीतील तेल तर वरुड-मोर्शीकडच्या वाचकांना सांगायला नकोच. चुकून हात लागला, तर ते बोट पुन्हा पुसावे.

५. मापे आधी, सोलणे नंतर

पट्ट्यांचा पारदर्शक कागद नखावर धरून, काहीही न सोलता, दहाही बोटांची मापे आधी ठरवावीत आणि कागदाच्या कडेला पेनाने बोटाचे नाव लिहावे. डाव्या आणि उजव्या अंगठ्याचे माप सारखे असेलच असे नाही. ज्या हाताने वर्षानुवर्षे विळा धरला आहे, त्याची नखे बहुधा रुंद असतात.

दोन मापांच्या मध्ये नख बसत असेल, तर लहान पट्टी घ्यावी. येथे बहुतेक जणी उलटे करतात, कारण नख पूर्ण झाकले गेले पाहिजे असे वाटते. पट्टी जेथे कातडीवर चढते, तेथे ती कधीच चिकटत नाही. तेथे बारीक फट राहते, फटीत पाणी जाते, आणि केस अडकू लागले की सुटण्याची सुरुवात झालेली असते. क्युटिकलपासून आणि दोन्ही बाजूंनी साधारण अर्धा मिलिमीटर नख मोकळे दिसले पाहिजे. पट्टी थोडीच रुंद असेल, तर बारीक कात्रीने एका बाजूने कापून घ्यावी. करंगळीसाठी एका पट्टीचे दोन भाग करता येतात.

६. चिकटवणे

ज्या हाताने आपण सगळी कामे करतो, त्या हाताची नखे आधी करावीत. उजवा हात चालवणाऱ्यांनी उजव्या हाताच्या पट्ट्या डाव्या हाताने, ताजेतवाने असताना लावाव्यात; शेवटी उरल्या तर कंटाळ्याने वाकड्या जातात.

एका वेळी एकच पट्टी सोलावी, काडीने किंवा चिमट्याने कडेला धरून, चिकट बाजूला बोट न लावता. गोल टोक क्युटिकलजवळ अर्धा मिलिमीटर सोडून टेकवावे, आधी मध्यरेषा टोकापर्यंत बसवावी, मग मधून बाजूंकडे दाबत जावे. पट्टी लांब करण्यासाठी ओढू नये. ताणलेली पट्टी नंतर आखडते आणि ज्या टोकाने सुटायचे त्याच टोकाने सुटते. सुरकुती आली तर अजून काही बिघडलेले नाही: लॅम्पपूर्वी पट्टी अर्धी उचलून पुन्हा बसवता येते, मात्र एकदाच, दोनदा उचललेल्या पट्टीचा चिकट मळतो.

त्यानंतर काडीच्या टोकाने तिन्ही कडा, म्हणजे मूळ आणि दोन्ही बाजू, सावकाश दाबत जावे. प्रत्येक कडेवर दहा सेकंद. हा वेळ लहान वाटतो, पण मोजायला बसले तर कळते की आपण एरवी दोन सेकंदही देत नाही.

तपासणी: बोट डोळ्यांसमोर आडवे धरून कडेने पाहावे. कोठेही चंदेरी रेघ किंवा हवेचा फुगा दिसत असेल, तर आत्ताच दुरुस्त करावा. लॅम्पनंतर ते शक्य नाही.

७. टोक कापणे

पट्टी नखाच्या टोकावरून खाली वाकवावी आणि जास्तीचा भाग नेलकटरने, किंचित शिल्लक ठेवून कापावा. नखाला अगदी भिडवून कापायचा प्रयत्न केला तर पट्टी मागे सरकते. उरलेला भाग लॅम्पखाली एक फेरी झाल्यावर फाइलने वरून खाली, एकाच दिशेने घासून काढावा. मऊ पट्टीवर फाइल पुढे-मागे चालवल्यास तिचे धागे निघतात आणि टोक कुरतडल्यासारखे दिसते.

८. लॅम्प

घरगुती संचातील लॅम्प लहान असतो आणि यूएसबीवर चालतो. भारनियमनाच्या गावांत पॉवर बँक आधी पूर्ण भरून ठेवावी. चार बोटे झाल्यावर वीज गेली आणि उरलेली मऊ नखे रात्रभर तशीच राहिली, असे अनेकींच्या बाबतीत घडले आहे. पाकिटावर दिलेला वेळ पाळावा; साधारणतः ६० सेकंदांच्या दोन फेऱ्या लागतात. दुसऱ्या संचातला लॅम्प वापरायचा असेल, तर तो त्या पट्टीला चालतो का, हे पाकिटावर पाहावे.

लहान लॅम्पच्या मधोमध जे नख असते त्यालाच पुरता प्रकाश मिळतो. म्हणून चार बोटे एकत्र कोंबण्यापेक्षा दोन-दोन बोटे धरावीत आणि अंगठा वेगळा घ्यावा. अंगठा हाताबरोबर ठेवला की तो आडवा पडतो आणि प्रकाश फक्त एका बाजूवर जातो. अंगठ्याचीच पट्टी सर्वांत आधी सुटते, त्यामागे बहुधा हेच असते. नखाचा पृष्ठभाग दिव्यांकडे सरळ असला पाहिजे.

फेरी झाल्यावर दुसऱ्या नखाने पट्टीच्या कोपऱ्यावर हलके दाबावे. खळगा उमटला तर आणखी एक फेरी द्यावी. फाइल करून टोक साफ केल्यावर शेवटची एक फेरी द्यावी, कारण टोकाची नवी कड तेव्हाच उघडी होते.

हात सुरक्षित ठेवण्यासाठी अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजीने सनस्क्रीन किंवा बोटांची टोके कापलेले हातमोजे सुचवले आहेत. आपल्या कामात सनस्क्रीनचे तेल नखावर जाण्याची भीती असते, म्हणून जुन्या सुती हातमोज्यांची टोके कापून वापरणे सोयीचे. लॅम्पमध्ये टक लावून पाहू नये. नख भाजल्यासारखे वाटले तर हात लगेच बाहेर काढावा आणि थोड्या वेळाने पुन्हा धरावा. चटका सोसण्यात काही कसब नाही.

उन्हात धरून पट्टी पिकवता येते का, असे हमखास विचारले जाते. ऊन तिला कडक करते हे खरे, पण किती आणि कोठवर, हे कळत नाही. वरून कडक आणि चिकटाकडून कच्ची अशी पट्टी दोन दिवसांत उखडते, आणि कच्चे जेल कातडीजवळ राहते ते वेगळेच.

९. पहिला दिवस आणि रोजची कामे

लावल्यापासून निदान पाच-सहा तास गरम पाणी, तेल आणि कणीक मळणे टाळावे. शक्य असेल तर रात्री लावून झोपावे. पुढे राखेने भांडी घासणे, शेणाने सारवणे, निंदण यांना हातमोजे घातले तर पट्टी आठ-दहा दिवस नीट राहते. कापूस वेचणीच्या हंगामात मात्र मी स्पष्ट नको म्हणते. वाळलेल्या बोंडाची टोके काट्यासारखी असतात, प्रत्येक बोंडागणिक ती नखाच्या कडेला लागतात, आणि दिवसाला शेकडो बोंडे वेचणाऱ्या हातावर कोणतीही पट्टी टिकणार नाही. सोयाबीनच्या सवंगणीचेही तेच.

कोपरा सुटला तर तो ओढू नये आणि घरातल्या झटपट गोंदाने पुन्हा चिकटवूही नये. सुटलेला तुकडा नेलकटरने कापून कड फाइलने साफ करावी. सुटलेल्या भागाखाली पाणी साचत राहिले, तर जिवाणू वाढून नखावर हिरवट डाग पडतो. तो मळ समजून त्यावर नवी पट्टी लावणाऱ्या मी पाहिल्या आहेत. अशा वेळी पट्टी काढून नख कोरडे ठेवावे आणि डाग हटत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे.

१०. काढणे

लावताना जो शत्रू होता, तोच येथे मित्र होतो. दहा दिवसांनी, फार तर दोन आठवड्यांनी, कोमट साबणपाण्यात दहा-पंधरा मिनिटे हात बुडवावेत, मग कडांना कोणतेही खाद्यतेल लावून लाकडी काडी एका बाजूने आत सरकवावी. समोरून वर उचलू नये. बाजूकडून बाजूकडे, तेल आत सोडत जावे. अडली तर पुन्हा पाण्यात हात बुडवावा. तरीही हटत नसलेल्या एखाद्या नखासाठी अ‍ॅसिटोन असलेल्या रिमूव्हरचा कापूस ठेवून वरून अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळावी आणि दहा मिनिटे थांबावे.

सावधान: अ‍ॅसिटोनची वाफ सहज पेट घेते. चूल, गॅस, देवासमोरची समई, उदबत्ती यांपैकी काहीही जळत असलेल्या खोलीत ते उघडू नये.

वाळलेली पट्टी ओढून काढली की तिच्याबरोबर नखाचे पापुद्रे निघतात. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, तेव्हा असे सोललेले नख पूर्ण बदलायला चार ते सहा महिने लागतात, आणि या काळात त्यावर दुसरी पट्टीही नीट बसत नाही. काढल्यावर नखांना जवसाचे किंवा खोबरेल तेल लावून आठवडाभर मोकळे सोडावे.

उरलेल्या पट्ट्या मूळ पाकिटात घालून वरून फॉइल गुंडाळाव्यात आणि झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवाव्यात. पुढच्या वेळी डबा उघडल्यावर आधी एक पट्टी बोटाने वाकवून पाहावी. ती कडकन मोडली तर डब्यातल्या बाकीच्याही बहुधा वाया गेलेल्या असतात.